बोकड अंग झाडेना

म्हसोबाच्या लिंबाखाली बोकड उभा होता. अंगावरून पाणी निथळत होतं, गळ्यात झेंडूची माळ होती, कपाळाला हळदकुंकू होतं, आणि तोंडावर अशी निवांत कळा होती की हा सगळा कार्यक्रम दुसऱ्याच कुणाच्या बोकडाचा असावा. त्याचं रवंथ चाललं होतं. समोर भुकेलेली सगळी भावकी त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि बोकड तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

घनसावंगीच्या अलीकडच्या या वस्तीवर बोकड कापण्याआधी बोकडाला विचारतात. पूर्वी मेंढरं राखणारी आणि आता कापूस-ऊस करणारी ही मंडळी. बाकी सगळं बदललं तरी हे बदललं नाही. देवापुढे बोकड उभा करायचा, त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि वाट बघायची. बोकडाने अंग झाडलं, म्हणजे देवाने मान्य केलं. मग मुलाण्याने सुरी काढायची. नाही झाडलं, तर कुठंतरी काहीतरी चुकलंय, सुरी पिशवीतच राहणार. लग्न ठरवताना पोरींना जितकं विचारत नाहीत तितकं इथे बोकडाला विचारतात, आणि त्याच्या उत्तराची वाटही बघतात.

आज मात्र बोकडाला दोन गोष्टी विचारल्या होत्या, आणि दुसरी रेणुकाची होती.

झालं असं होतं की रेणुकाचा मेडिकलला नंबर लागावा म्हणून तिच्या आजीने, गोपिकाबाईने, म्हसोबाला बोकड बोलला होता. नंबर लागला तो फिजिओथेरपीला, संभाजीनगरच्या कॉलेजात. गोपिकाबाई म्हणाली, डॉक्टरच्या खालचा डॉक्टर तर खालचा, देवाला बोलला तो बोकड देऊन टाकू. इथवर सगळं ठीक होतं. पण घरात काकासाहेब होते. काकासाहेब म्हणजे रेणुकाच्या वडिलांचे थोरले भाऊ, पोरांचे मोठेबाबा. त्यांनी चौकशी करून फिजिओथेरपी म्हणजे मालिश असा शोध लावला होता. मालिश शिकायला पोरीने शहरात जाऊन चार-पाच वर्षं राहायचं, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. मालिश तर भिवा पैलवानसुद्धा करतो आणि तो चौथीपर्यंतही गेलेला नाही. त्यापेक्षा घनसावंगीला बीएस्सी कर, येत्या उन्हाळ्यात एखादं चांगलं स्थळ बघू, असा त्यांचा बेत होता.

यावर रेणुकाच्या वडिलांनी, राधाकिसनने, काहीतरी म्हणायला हवं होतं. राधाकिसन जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. लाल सळई चिमट्याने धरणारा माणूस, दंड बघावेत तर लिंबाच्या बुंध्यासारखे. पण थोरल्या भावापुढे उभा राहिला की हा माणूस "दादा म्हन्तेल तसं" याच्यापुढे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. याही वेळी तो तेच म्हणाला. मग काकासाहेबांनी तोडगा काढला, की आपण भांडायचं कशाला, बोकड देवापुढे जाणारच आहे तर त्याच्याच तोंडून होऊन जाऊ दे. झाडलं अंग, तर पोरगी जाईल. नाही झाडलं, तर विषय संपला.

कॉलेजात हजर व्हायची मुदत उद्याची होती.

म्हणून रेणुका सकाळपासून त्या बोकडाकडे बघत होती. इतक्या आशेने तिने आजवर कुठल्या माणसाकडे पाहिलं नव्हतं. पहिल्या तांब्याला बोकडाच्या खांद्याची कातडी नुसती थरथरली. तिने लगेच बोट दाखवलं, की हे बघा, झाडलं. काकासाहेब देवासमोर उकिडवे बसले होते, उपाशीपोटी, पाणीही न घेता. त्यांनी जागेवरूनच निकाल दिला.

"माशी बसल्ती ती. नुसती कातडी हल्ली. त्याला अंग झाडनं म्हनत न्हाईत."

दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. बोकड होता तसाच. ऑक्टोबरचं ऊन चढत चाललं. चुलीवर पाणी उकळून आटलं, त्यात परत पाणी घातलं. पाट्यावरचं खोबरं-कांद्याचं वाटण सुकायला लागलं. अतिक मुलाणी सुरीची पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसला होता. त्याला जांब समर्थच्या रस्त्यावर दुसरं एक काम होतं, आणि तिथला बोकड, त्याच्या माहितीप्रमाणे, फार समंजस होता.

"बघा जरा काकासाहेब," अतिक म्हणाला. "कुनाचं काही ऱ्हायलं आसंल तर बोलून टाका म्हनावं. जल्दी होईल."

हीही रीतच. बोकड अडून बसला की ज्याने त्याने आपली चूक देवापुढे बोलून मोकळं व्हायचं. एरवी या भावकीत चूक कबूल करायची पद्धत नाही. पण मटणाचा वास नाकाशी येऊन थांबला की माणूस कशालाही तयार होतो. पहिल्यांदा आत्या पुढे आली. मागच्या अमावास्येला देवाचा नैवेद्य दाखवायच्या आधीच आपण त्यातली पुरणपोळी आपल्या पोराला दिली, असं तिने सांगितलं. तांब्या ओतला. बोकडाला पुरणपोळीत रस नव्हता.

मग आत्याचा नवरा रामप्रसाद उठला. तो बराच वेळ चुळबुळत होता. त्याने घसा खाकरून सांगितलं, की गेल्या साली जेवणं उरकल्यावर, अंधारात, अंदाज न आल्यामुळे, तो याच लिंबामागे लघवीला बसला होता. लिंबामागे सावलीत बसलेल्या बाया एकदम उठून अलीकडे आल्या. तांब्या ओतला. बोकडाने शेपटीखालून चार लेंड्या टाकल्या, एवढंच.

तिसरी मोठीआई, म्हणजे काकासाहेबांची बायको. ती पदर सावरून म्हणाली, सासूबाईंना ऐकू येत नाही असं धरून आपण घरात त्यांच्याबद्दल काहीबाही बोलत असतो.

"ऐकते ना मी रोज," गोपिकाबाई शांतपणे म्हणाली.

मोठीआई तांब्या ओतायचाच विसरली.

या सगळ्या वेळात रेणुकाच्या डोक्यात बोकडाचा स्नायू फिरत होता. स्नायू तिला पाठ होता. अकरावीच्या पुस्तकातलं ते चित्र पाहिल्याबरोबर तिला आजोबांनी अंबाडीचा वळलेला कासरा आठवला होता. कासरा उकलला की पेड, पेड उकलला की बारीक पेड, तो उकलला की धागे. स्नायूचंही तसंच. मोठ्या जुड्या, जुड्यांच्या आत तंतू, तंतूंच्या आत आणखी बारीक तंतू, आणि अगदी तळाशी दोन जातींचे धागे, एक जाड, एक बारीक, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत तसे बसलेले. जाड धाग्यांना लहान लहान डोकी असतात. ती बारीक धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात. विहिरीतून पोहरा शेंदताना बाईचे हात चालतात तसं. धागा एकही आखूड होत नाही. सगळे फक्त एकमेकांत सरकतात, आणि आपण म्हणतो स्नायू आखडला. परीक्षेत नेमका यावरच प्रश्न आला होता आणि तिने घाईघाईत जाड धागे आखूड होतात असं ठोकून दिलं होतं. त्या एका प्रश्नाने एमबीबीएस गेलं असं नाही. एमबीबीएस घालवायला पुष्कळ प्रश्नांनी मिळून मेहनत घेतली होती. पण हा प्रश्न तिला टोचत राहिला होता, कारण तो येत होता.

तर बोकडाचे धागे ठणठणीत होते. त्याची मांडी बघूनच रामप्रसादच्या तोंडाला पाणी सुटत होतं. अडलं होतं ते हुकमावर. स्नायू आपणहून काही करत नाही. मेंदूतून नाहीतर मणक्यातून हुकूम निघावा लागतो, तो नसेतून यावा लागतो. नस स्नायूला चिकटलेलीही नसते, मध्ये बारीकशी फट असते. त्या फटीतून एक रसायन पलीकडे जातं, तंतूच्या अंगावरून वीज सरसरत जाते, आत कोंडून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं सुटतं, आणि ते बारीक धाग्यावरची झाकणं बाजूला करतं. तेव्हा कुठे त्या डोक्यांना धरायला जागा होते. हुकूमच आला नाही, तर एवढी सगळी ताकद हात पसरून नुसती उभी.

रेणुकाने वडिलांकडे पाहिलं. राधाकिसन बैलगाडीच्या जुवाला टेकून खाली मान घालून उभा होता. दंड लिंबाच्या बुंध्यासारखे, आणि हुकूम सगळा उकिडव्या बसलेल्या माणसाकडे. तिला वडिलांचा राग आला. इतका राग तिला काकासाहेबांचाही आला नव्हता, कारण काकासाहेब निदान स्वतःच्या मनासारखं तरी वागत होते.

रागाच्या भरात ती बोकडाजवळ गेली आणि तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला. हात तेलाने माखला. म्हणजे असं होतं तर. पाणी पडत होतं आणि वरच्यावर मोती होऊन ओघळून जात होतं. कातडीला ओल लागतच नव्हती. कातडीला कळलं नाही तर वर खबर जाणार नाही, आणि खबर नाही तर हुकूम कुठून येणार. वर देवाजवळच्या डेऱ्यातलं पाणी उन्हात तापून कोमट झालेलं. या उन्हात ते बोकडाला उलट गोडच लागत असणार. तिने विचारलं, बोकडाला तेल कुणी चोपडलं.

काकासाहेबांनी. काल संध्याकाळी, करडईचं, पावशेर. देवाचा बोकड चकचकीत दिसावा म्हणून. शिवाय पाहुणे फोटो काढतात.

"देवाच्या बोकडाला तेल लावलं तर काय बिघडलं?" ते म्हणाले. "देवाच्या मनात आसंल तर तेलातूनबी झाडंल."

रेणुकाने उत्तर द्यायचा नाद सोडला. पाहुण्यांसाठी थंड पाण्याचा जार आणून ठेवला होता. तिने त्यातलं फुलपात्रभर पाणी घेतलं, बोकडाची माळ सारखी करायच्या निमित्ताने त्याच्या डोक्याशी वाकली आणि हळूच ते त्याच्या डाव्या कानात सोडलं. कानाला तर तेल लावलेलं नव्हतं. बोकडाने रवंथ थांबवलं. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच या जगाची दखल घेतल्यासारखं काहीतरी आलं. आणि त्याने डोकं असं हलवलं की दोन्ही कान फटफट वाजले आणि झेंडूच्या पाकळ्या रामप्रसादच्या मिशीपर्यंत उडाल्या.

"झाडलं," आत्या म्हणाली. अतिक पिशवीची गाठ सोडत उठला.

काकासाहेबांनी हात वर केला. अतिक थांबला. "डोस्कं हालवलं," ते म्हणाले. "अंग न्हाई. अन् कानात पानी वतल्यावर मीबी हालवीन डोस्कं. तुला शिकवलं कुनी हे? ह्याच्यासाठीच शाळंत घातलं का?"

रेणुका कानापर्यंत लाल झाली. चोरी पकडली गेली होती, ती खरीच चोरी होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धीच साधली होती. मान झाडली गेली होती आणि पाठ कोरडी. काकासाहेब म्हणाले, आता मीच बघतो, माझ्या हाताने पाणी पडलं तर देवही ऐकेल. असं म्हणून ते उठायला गेले.

सकाळपासून उकिडवा बसलेला माणूस. पोटात अन्न नाही, पाणी नाही, वरून ऊन. ते अर्धवट उठले आणि त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा आला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या माळावर आजवर कुणी ऐकला नव्हता. ते तिथंच म्हसोबासमोर आडवे झाले आणि पाय धरून गडबडा लोळायला लागले. पोटरीचा गोळा धोतराखालून अंड्याएवढा वर आलेला दिसत होता.

आणि गंमत अशी, की कुणी हललं नाही. कारण पडलेल्या माणसाला उचला, हे या घरात नेहमी काकासाहेबच सांगायचे. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, की ते काय म्हणतात. ते नुसते ओरडत होते. त्यांच्या हुकमावर एवढं घर चालत होतं आणि त्यांची स्वतःची पोटरी त्यांचं ऐकत नव्हती. नस वेड्यासारखी हुकमावर हुकूम सोडत होती, आतली डोकी ओढत सुटली होती, आणि सोडायचं नावच नव्हतं. हे असं का होतं ते पुस्तकातही ठामपणे लिहिलेलं नव्हतं. काय करायचं तेवढं मात्र रेणुकाला माहीत होतं. मिलमधून आलेल्या वडिलांना अधूनमधून गोळे यायचे, तेव्हा तीच त्यांचा पाय धरायची.

ती धावली. तिने काकासाहेबांचा गुडघा सरळ केला, टाच एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने चवडा हळूहळू त्यांच्या नडगीकडे ढकलला. काकासाहेबांनी तिला एक शिवी दिली. ती ढकलत राहिली. त्यांनी दुसरी दिली, ती जरा हलकी होती. तिसरी अर्ध्यावर विरली. हाताखाली गोळा हळूहळू सुटत गेला, धागे एकमेकांतून मागे सरकत गेले, आणि काकासाहेब मोठा श्वास सोडून आभाळाकडे बघत पडून राहिले. तिने त्यांना पाणी पाजलं, त्यात चिमूटभर मीठ टाकून.

"काकासाहेब," अतिक म्हणाला, "तुमचंच आंग तुमचं ऐकून न्हाई राह्यलं. बोकडाला काय बोल लावता."

बाया पदराआड हसल्या. काकासाहेबांनी ते ऐकलं. रेणुकाला वाटलं, आता ते म्हणतील, जा बाई. त्यांच्या डोळ्यांत तसं काहीतरी आलंही होतं. पण सगळे हसताना दिसले आणि ते परत गेलं. कोपरावर उठून बसत ते म्हणाले, पाय धरलास, बरं केलंस, पुण्य लागेल. पण पाय धरला म्हणून देव काही बदलत नाही. बोकडाने उत्तर दिलेलं आहे. पोरगी जाणार नाही.

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून ती बोकडाकडे तोंड करून उभी राहिली. वडिलांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिकडे बघून काही उपयोग नाही हे तिला माहीत होतं.

म्हणून राधाकिसन जुवापासून हलला तो तिला दिसला नाही. इतरांनाही वाटलं, पाणी प्यायला चालला असेल. तो थंड पाण्याच्या जारपाशी गेला. त्याने झाकण काढून फेकलं, जार दोन्ही हातांनी उचलला, देवासमोर आला, बोकडाच्या शेजारी उभा राहिला, आणि तो अख्खा जार त्याने आपल्या डोक्यावर उपडा केला.

गड गड गड करत पाणी पडत राहिलं. सदरा अंगाला चिकटला, टोपी वाहून गेली. मिलमध्ये पाळी संपली की नळाखाली डोकं धरून हे लोक अंगावरची काजळी अशीच घालवतात. त्याला सवय होती. त्याने जार खाली ठेवला. मग त्याने डोकं झाडलं. मग खांदे. मग ते दंड, मग पाठ, मग कमरेपासून खाली सगळा माणूस, आणि पाणी चहूबाजूंना असं उडालं की बाया मागे सरकल्या आणि म्हसोबाचा शेंदूर ओला झाला.

"झाडलं आंग," राधाकिसन म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "पोरगी माझी हाये, दादा. बोकडाला काय विचारता. मला विचारा."

काकासाहेब बसल्या जागेवरून भावाकडे वर बघत होते, आणि बहुतेक जन्मात पहिल्यांदाच त्यांना त्याच्याकडे वर बघावं लागत होतं. रेणुका वडिलांकडे बघत राहिली. हा हुकूम कुठून निघाला, कुठल्या नसेतून आला आणि इतकी वर्षं कुठल्या फटीत अडकून पडला होता, हे तिच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तिला एवढंच कळलं, की आपण मघाशी या माणसावर फार चिडलो होतो, आणि आता याला मिठी मारावीशी वाटतेय, आणि तो फार गार पडला असणार.

शेवटी अतिकच बोलला. त्याच्या हातात सुरी होती आणि चेहऱ्यावर धंद्याची खरीखुरी अडचण होती.

"आंग तर राधाकिसनभाऊनं झाडलं," तो म्हणाला. "मंग आता मी सुरी लावू कुनाला?"

गोपिकाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने डोळे पुसले आणि निकाल देऊन टाकला. नवस तिचा होता, तेव्हा निकालही तिचाच. ती म्हणाली, देवाने मान्य केलं, सगळ्यांनी बघितलं. पण बोकडाने हो म्हटलेलं नाही. ज्याने हो म्हटलं नाही त्याला कापायचं नाही, हीच तर आपली रीत. बोकड देवाच्या नावाने सोडून द्यायचा, देवाला नारळ फोडायचा, आणि वाटण फुकट जाऊ नये म्हणून त्यात वांगी टाकायची.

भावकीवर अवकळा पसरली. तीन कबुल्या आणि एक बेअब्रू झाल्यावर वांगी खायची वेळ आली होती. रामप्रसाद तर असा खचला, की लिंबामागची गोष्ट उगीच बोललो असं तो जेवताना सारखं म्हणत होता. अतिकने फटफटीला किक मारली आणि त्या समंजस बोकडाच्या दिशेने निघून गेला. जाताना रेणुकाला म्हणाला, ताई, शिकून आल्या की माझा खांदा बघा, सुरी धरून धरून वर जाईना झालाय.

दुपार कलली. भांडी घासली गेली, पाहुणे पांगले. राधाकिसन भावाचं कोरडं धोतर गुंडाळून चुलीच्या निखाऱ्यांपाशी शेकत बसला होता आणि उद्या पहाटे कुठली जीप धरायची, हे बायकोला सांगत होता. बोलताना तो मध्येच थांबायचा, स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखा. काकासाहेब लिंबाच्या सावलीत घोंगडीवर पाय लांब करून एकटे बसले होते. बराच वेळ त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. मग ते दुसरीकडे तोंड करून म्हणाले, पोटरी अजून ठणकतेय.

रेणुका जाऊन त्यांच्या पायाशी बसली. तिने चवडा धरला आणि हळूहळू ताण द्यायला लागली. मालिश, तिच्या मनात आलं. पोटरी हाताखाली मऊ पडत गेली.

समोर बाभळीखाली बोकड सोडलेला होता. माळ त्याने केव्हाच खाऊन टाकली होती. अंगाच्या तेलावर धूळ बसून त्याचा सगळा चकचकाट गेला होता. मातीत लोळून तो उठला, चार पायांवर नीट उभा राहिला, आणि कुणी काही विचारलेलं नसताना त्याने अंग झाडलं. नाकापासून सुरुवात केली, मान, खांदे, पाठ, पोट, पार शेपटीच्या शेंड्यापर्यंत. अंगाभोवती धुळीचा ढग उठला. यात खोट काढावी असं काही नव्हतं. याहून चांगलं अंग कुठल्या बोकडाने कुठल्या देवापुढे झाडलं नसेल.

रेणुकाचे हात थांबले. तिने काकासाहेबांकडे पाहिलं. ते बोकडाकडेच बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. चुलीजवळ सुरी नव्हती तरी विळी होती, अतिकला फोन लावता आला असता, आणि एक हाक मारली असती तर रामप्रसाद धावत आला असता. काकासाहेबांनी हाक मारायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर निखाऱ्यांपाशी बसलेल्या भावाकडे गेली, त्याच्या अंगावरच्या आपल्या धोतराकडे गेली. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"माशी बसली आसंल," ते म्हणाले. "तू पाय वढ."